शेजाऱ्याचा सिनेमा कोणत्या आवाजात?

माझी आत्या लग्न होऊन १९७६ साली सांगलीहून बेंगळुरूला आली. बँकेतली नोकरी, मुलांची शिक्षणं, निवृत्ती, सगळं मल्लेश्वरममध्येच झालं. मी नोकरीसाठी या शहरात आले. सिनेमाचं वेड दोघींना सारखंच, आवडी मात्र दोन टोकांच्या. तिला पहिल्या दिवसाचा पहिला खेळ, शिट्ट्या आणि पडद्यावर नायक आला की उसळणारं थिएटर हवं असतं. मला कमी बोलणारे, लहान जीवाचे सिनेमे आवडतात. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीन आठवड्यांच्या आत तीन सिनेमे आले. १२ सप्टेंबरला सुबोध खानोलकरांचा 'दशावतार', १९ सप्टेंबरला रोहन परशुराम कानावडे यांचा 'साबर बोंडं' आणि २ ऑक्टोबरला ऋषभ शेट्टींचा 'कांतारा : चॅप्टर १'. या तिन्हींवरून आमच्यात जो वाद सुरू झाला, त्यातला महत्त्वाचा भाग इथे मांडते आहे. हा प्रश्न आमच्या दोघींपुरता नाही. शेजारच्या राज्यातला सिनेमा मराठी माणसानं कोणत्या आवाजात ऐकायचा, याबद्दल तो आहे.

आत्या : तुझं म्हणणं मला तोंडपाठ झालंय. कन्नड सिनेमा कन्नडमध्येच बघायचा, तमिळ तमिळमध्ये. डब केलेला बघणाऱ्यांना सिनेमा कळतच नाही.

मी : कळत नाही असं नाही म्हणत मी. अर्धा हरवतो असं म्हणते. 'कांतारा'तली माणसं कुंदापूरकडची कन्नड बोलतात. बेंगळुरूच्या कन्नडहून तिचा हेल वेगळा, वाक्य तोडायची तऱ्हा वेगळी. ऋषभ शेट्टी त्याच भागातल्या केराडी गावचा, म्हणून ती बोली त्याच्या तोंडी नैसर्गिक वाटते. हिंदी डबमध्ये जमीनदार, गडी, फॉरेस्टचा अधिकारी सगळे एकाच स्टुडिओत बसून बोलल्यासारखे वाटतात. 'दशावतार'मधल्या बाबुली मेस्त्रीच्या तोंडची मालवणी काढून तिथे छापील हिंदी घातली, तर बाबुली उरेल का?

आत्या : उरेल. दिलीप प्रभावळकर आहेत ते. नजर अधू झालेला, वय झालेला दशावतारी नट तोंडाला रंग लावायला बसतो, तेव्हा त्यांचे खांदे कसे बदलतात ते बघ. ते काय मालवणीत बदलतात? आणि 'कांतारा'चंच घे. पहिल्या भागाची शेवटची वीस मिनिटं आठव. नायक शिवाच्या अंगात गुळिग हे दैवत येतं आणि तो जी आरोळी ठोकतो, ती कुठल्या भाषेतली? मारामारी संपते, आणि तो फॉरेस्टच्या अधिकाऱ्याचा हात ओढतो, गावकऱ्यांचे हात ओढतो, सगळे एकत्र आपल्या छातीशी धरतो. तोंडातून शब्द नाही. जंगल कुणाचं या सबंध भांडणाचा निवाडा त्या हातांत आहे. माझ्या साताऱ्याच्या जाऊबाईंनी तो हिंदीतून बघितला, आणि त्या जागी माझ्याइतक्याच रडल्या.

मी : जागा तू अचूक सांगितलीस, पण ती तिथे का लागते बघ. आधीचे दोन तास हा शिवा बडबड्या आहे. उनाड, तापट, मित्रांत शिव्या घालणारा, आईचा ओरडा खाणारा. त्याची बोली ऐकून ऐकून तो आपल्या ओळखीचा होतो. मग असा बोलणारा माणूस शब्द टाकून देतो, म्हणून ती आरोळी अंगावर येते. ज्याचं बोलणं आपण कधी ऐकलंच नाही, त्याचं गप्प होणं आपल्याला कसं जाणवणार?

आत्या : ते बोलणं ऐकायला माणूस आधी थिएटरात तर यायला हवा.

मी : आला होता. 'कांतारा' ३० सप्टेंबर २०२२ला आला तेव्हा फक्त कन्नडमध्ये होता. हिंदी आवृत्ती आली १४ ऑक्टोबरला. मधल्या पंधरवड्यात कर्नाटकाबाहेरच्या शहरांतही लोक कन्नडच ऐकत होते, खाली इंग्रजी ओळी वाचत होते. बोभाटा तिथूनच झाला आणि तो ऐकून डबिंगची घाई झाली.

आत्या : खाली काय वाचत होते? इंग्रजी. भरभर पळणारं इंग्रजी वाचणारे किती गं आपल्याकडे? तुझ्या ऑफिसातले वाचतील. जाऊबाई कशा वाचतील? तुझं मूळ आवाजाचं प्रेम मला पटतं, पण त्याचं दार इंग्रजी शाळेतूनच उघडतं. डबिंगचं दार सगळ्यांना उघडं असतं.

हा मुद्दा साधा नव्हता. अस्सल आवाजाचा आग्रह धरणारे माझ्यासारखे प्रेक्षक इंग्रजी हे अदृश्य तिकीट खिशात ठेवूनच बोलतात. पण आत्याची स्वतःची गोष्ट तिच्या मताला छेद देते, आणि ती मी तिच्यासमोर ठेवली.

मी : तू कन्नड कशी शिकलीस?

आत्या : थिएटरात. १९७७ साली 'सनादी अप्पण्णा' लागला होता. राजकुमार, आणि सनई वाजवलेली साक्षात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी. राजकुमारांचे उच्चार असे स्वच्छ, की नवख्या माणसालाही शब्द कुठे संपला ते कळायचं. आधी गोष्ट कळली, मग शब्द कळायला लागले, आणि वर्षभरात भाजीवाल्याशी भाव करायला लागले.

मी : आणि तेव्हा इथे डबिंग नव्हतं. परभाषेतले सिनेमे कन्नडमध्ये डब करायचे नाहीत, असा इथल्या सिनेउद्योगाचा दंडक साठच्या दशकातल्या आंदोलनापासून पुढे कित्येक दशकं चालला. स्पर्धा आयोगानं २०१५मध्ये त्याविरुद्ध निर्णय दिला आणि त्यानंतर तो सैल झाला. म्हणजे डबिंग नसलेल्या गावात येऊन तू भाषा शिकलीस. दुसरा पर्याय हातात नव्हता, म्हणून शिकलीस.

आत्या : मला इथे जन्म काढायचा होता, म्हणून शिकले. जाऊबाईंना कुठे यायचंय इथे? सिनेमा बघायला त्यांनी आधी भाषा शिकावी का? आणि त्या दंडकाचा दुसरा भाग विसरू नकोस. डबिंगला इतकी वर्षं दार लावून बसलेला हाच उद्योग डबिंगच्या जोरावर मोठा झाला. 'केजीएफ'चा दुसरा भाग २०२२च्या एप्रिलमध्ये पाच भाषांत आला. त्यातल्या यशचा हिंदी आवाज कुणाचा? सचिन गोळेंचा, आपल्या मराठी माणसाचा. 'पुष्पा'त हिंदीत अल्लू अर्जुनचा आवाज श्रेयस तळपदेंचा. डबिंग ही कलाच आहे. नटाच्या ओठांवर, त्याच्या श्वासावर दुसऱ्यानं आवाज बसवायचा आणि लोकांना तो त्याचाच वाटायला हवा. तिला तू चोरबाजार म्हणू नकोस.

मी : कला आहे, मान्य. पण दोन्ही वेळी मराठी माणसाचा आवाज वापरला गेला तो हिंदीसाठी. ते जरा लक्षात ठेव, पुढे मी त्याच्याकडे येणार आहे.

रजनीकांतचं नाव निघाल्याशिवाय आत्याशी सिनेमावर बोलणं संपत नाही. तिच्या मते बेंगळुरूतल्या मराठी घरानं देशाला दिलेलं ते सर्वांत मोठं देणं आहे.

आत्या : शिवाजीराव गायकवाड. जन्म १२ डिसेंबर १९५०, याच शहरात. वडील रामोजीराव पोलीस शिपाई. घरात मराठी, शाळेत कन्नड, हातात बसचा तिकीटखोका, आणि १९७५ साली के. बालचंदर यांच्या 'अपूर्व रागंगळ'मधून तमिळ पडद्यावर. २०२३च्या ऑगस्टमध्ये 'जेलर' धो-धो चालत होता, तेव्हा हा माणूस जयनगरच्या बस डेपोत जाऊन जुन्या खात्यातल्या लोकांना भेटून आला. तुझ्या लहान जीवाच्या सिनेमात असा माणूस मावेल का? त्याला मोठाच पडदा लागतो.

मी : मला तो आवडतो. 'कुली' नाही आवडला. २०२५च्या ऑगस्टमध्ये आला, आणि त्यात तेलुगूतून नागार्जुन, कन्नडमधून उपेंद्र, हिंदीतून आमिर खान. प्रत्येक राज्यातून एक तारा आणला म्हणजे प्रत्येक राज्यातून तिकीट येईल, असा तो हिशेब दिसतो. रजनीच्या चेहऱ्यावर थांबायला कॅमेऱ्याला उसंतच नाही.

आत्या : 'कुली' विस्कळीत आहे, हे मीही सांगते. पण तोच हिशेब 'जेलर'मध्ये जमला ना? आपला शिवराजकुमार येतो थोडाच वेळ, पण या गावात त्याच्या चालण्यावर टाळ्या पडल्या. तमिळ सिनेमा आणि टाळ्या कन्नड. एका थिएटरात दोन भाषांचे लोक एकाच वेळी खूश होतात, यात वाईट काय आहे?

मी : काहीच नाही. पण तुझ्या रजनीची गोष्ट माझ्या बाजूची आहे. बालचंदरनी त्याला पहिल्यांदा सांगितलं ते तमिळ शिक. तो शिकला. तमिळ माणसानं त्याला आपला मानला तो त्याच्या तोंडून तमिळ ऐकून. आणि १९९८मध्ये त्याचा 'मुथू' जपानमध्ये तुफान चालला, तो तमिळ आवाजात आणि खाली जपानी लिपीतल्या ओळींसह. तिथल्या प्रेक्षकाला कुणी इंग्रजी वाचायला लावलं नाही.

इथे आत्या पहिल्यांदा थोडी थांबली, आणि मग तिनं बोलणं पैशाकडे वळवलं. तिची सवयच आहे ती. बँकेत आयुष्य गेलं.

आत्या : तुला लहान सिनेमा हवा. तो चालतो कुणाच्या पैशावर? मोठा चालला म्हणून थिएटर उघडं राहतं, आणि थिएटर उघडं आहे म्हणून लहानाला दुपारचा एखादा खेळ मिळतो. एकपडदा थिएटरं बघता बघता गेली. केंपेगौडा रोडजवळचं कपाली गेलं, ब्रिगेड रोडवरचं रेक्स गेलं, सँकी रोडचं कावेरी गेलं. शिट्टी मारणाऱ्यांनी जेवढे दिवस ती जगवली, तेवढेच दिवस ती जगली.

मी : मग तिकिटाचं बोल. २०२५च्या सप्टेंबरमध्ये कर्नाटक सरकारनं कर सोडून २०० रुपयांच्या वर तिकीट लावायचं नाही असा नियम काढला. २३ तारखेला उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि आठवड्याभरानं 'कांतारा : चॅप्टर १' आला. मोठ्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी चौघांच्या घराचे हजारो रुपये जातात. त्या घराकडे पुढच्या आठवड्यात लहान सिनेमासाठी काय उरणार? मोठा लहानाला जगवतो म्हणतेस, पण तो लहानाचा प्रेक्षकही खाऊन टाकतो.

आत्या : दर कमी हवेत, यावर आपलं भांडण नाही. पण 'सू फ्रॉम सो' तर याच गावात बघितला ना तू? जुलै २०२५चा. तारा नाही, गाजावाजा नाही. किनाऱ्यावरचं एक गाव, आणि सोमेश्वरच्या सुलोचनाचं भूत एका पोराच्या अंगात आलंय अशी सगळ्यांची समजूत. जे. पी. तुमिनाडचा पहिलाच सिनेमा, निर्माता राज बी. शेट्टी. पहिल्या आठवड्यात तिकीट सहज मिळत होतं, दुसऱ्यात मिळेना. लोकांनीच एकमेकांना सांगितलं. चांगला असेल तर लहानही चालतो. उगाच रडगाणं नको.

मी : चालला, आणि मला मनापासून आनंद झाला. पण त्याच्या आदल्याच वर्षीचं रक्षित शेट्टीच्या 'एकम'चं काय झालं? सात गोष्टींची मालिका. एकाही ओटीटीनं घेतली नाही, शेवटी २०२४च्या जुलैमध्ये त्यांनी स्वतःचंच संकेतस्थळ काढून दाखवली. हेमंत राव यांचा 'सप्त सागरदाचे एल्लो' घे. पैशासाठी दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊन तुरुंगात गेलेला मनू आणि बाहेर गाणं गुणगुणत वाट बघणारी प्रिया. २०२३चा तो माझ्या मते सर्वांत सुंदर भारतीय प्रेमपट, चरण राजचं संगीत त्याहून सुंदर. पुण्यातल्या माझ्या किती मैत्रिणींनी बघितला? त्यांना कोरियन मालिकांतल्या सासवांची नावं पाठ आहेत, आणि मिरजेच्या पलीकडे सुरू होणाऱ्या भाषेत काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

आत्या : त्याला डब करायला हवा होता, म्हणजे बघितला असता.

मी : किंवा मराठी ओळी द्यायला हव्या होत्या.

टीव्हीबद्दल आमचं पटणार नाही असं मला वाटलं होतं, पण तिथे आत्याचा मुद्दा मला आजही अडवतो. 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व ऑक्टोबर २०२४मध्ये सूरज चव्हाण जिंकला. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, रीलमधून पुढे आलेला पोरगा. तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२५मध्ये, 'बिग बॉस कन्नड'चं अकरावं पर्व हनुमंतानं जिंकलं. हावेरी जिल्ह्यातला, मेंढ्या राखत गाणारा लोकगायक.

आत्या : दोन राज्यं, दोन भाषा, प्रेक्षक एकमेकांना ओळखत नाहीत, आणि दोघांनी निवडलं कुणाला? इंग्रजी न फेकणाऱ्या, गावाकडून आलेल्या पोराला. लोकांना काय हवंय हे याहून स्पष्ट कोण सांगणार? तुझे समीक्षक सांगतील का?

मी : लोकांनी प्रेमानं निवडलं, यात शंका नाही. पण वाहिनीनं त्या पोरांचं काय विकलं? गरिबी विकली. आठवड्यातून एकदा त्याच्या घरची अडचण दाखवायची, मागे सारंगी लावायची. हनुमंता फार सुरेख गातो, पण त्या घरात त्याच्या गाण्यापेक्षा त्याच्या भोळेपणाला जास्त वेळ मिळाला.

आत्या : मिळाला असेल. पण ते बघणाऱ्या हावेरीच्या मेंढपाळाच्या घरात काय झालं, ते तू मोजत नाहीस. आपल्यासारखा बोलणारा माणूस सूत्रसंचालक सुदीपच्या शेजारी उभा राहिला, त्याचं नाव पुकारलं गेलं. बोलीचा एवढा कळवळा आहे तुला, तर ती बोली टीव्हीवर जिंकली तेव्हा तुला आनंद व्हायला हवा होता.

या मुद्द्यावर माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. गाण्यांवर मात्र आम्ही लवकर एका ठिकाणी आलो. २०२४मध्ये दोन गाणी सगळीकडे वाजत होती. एक संजू राठोडचं 'गुलाबी साडी', जळगावकडच्या मुलाचं, आणि दुसरं हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्ज'. हनुमानकाइंड म्हणजे सूरज चेरुकाट. मूळचा केरळचा, ह्यूस्टनमध्ये वाढलेला आणि बेंगळुरूत राहून रॅप करणारा. पोन्नानीच्या मौत का कुआँमध्ये चित्रित केलेलं त्याचं इंग्रजी गाणं थेट अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत गेलं.

आत्या : गाण्याला कुणी डबिंग मागत नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत कन्नड, तेलुगू, बिहारी सगळी पोरं 'गुलाबी साडी'वर नाचली. अर्थ कुणी विचारला?

मी : म्हणजे मूळ आवाजाची भीती लोकांना नसतेच. गाण्यात ती नाही, मग सिनेमातच लोक घाबरतील असं वितरक का धरून चालतात?

आत्या : गाणं तीन मिनिटांचं असतं, सिनेमा अडीच तासांचा. अडीच तास काही न समजता बसायला जपान्याएवढा धीर लागतो.

मी : पण रिमेकचा मार्ग तर याहून वाईट. 'सैराट' २०१६चा. करमाळ्याची भाषा, नागराज मंजुळेंची माणसं, अजय-अतुलचं संगीत. २०१७मध्ये इथे त्याचा 'मनसु मल्लिगे' झाला, नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. मुलगी तीच, गोष्ट तीच, पण गाव कुठलंच नाही. कन्नड माणसाला खरा 'सैराट' कन्नड ओळींसह दाखवला असता, तर त्याला करमाळा भेटलं असतं.

आत्या : यावर माझं भांडण नाही. रिमेकपेक्षा डब बरा, हे मी कधीही लिहून देईन.

आणि मग आत्यानं तिच्या माहेरचा हुकमी पत्ता काढला, सांगलीचा.

आत्या : आमच्या सांगलीच्या नाटकाचा जन्म कसा झाला ठाऊक आहे ना? होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला आली, त्यांचा खेळ राजेसाहेबांनी बघितला आणि विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं आपल्या भाषेत करा. १८४३ साली 'सीतास्वयंवर' झालं. म्हणजे मराठी रंगभूमीच्या मुळाशी कन्नड किनाऱ्यावरचं यक्षगान आहे. तोच किनारा, ज्यावरून तुझा 'कांतारा' आला. भाव्यांनी आपल्या भाषेत केलं. ते काय डबिंगच झालं की!

मी : त्या गोष्टीत मला वेगळंच दिसतं. भाव्यांनी कर्कीच्या लोकांना समोर बसून बघितलं. मधे तिसरी भाषा नव्हती. आता पुस्तकांचं बघ. एस. एल. भैरप्पा २०२५च्या सप्टेंबरमध्ये गेले, तेव्हा महाराष्ट्रात घरातला माणूस गेल्यासारखं लोक हळहळले. 'वंशवृक्ष', 'पर्व', 'आवरण' या कादंबऱ्या मराठी वाचकाला मराठी लेखकाच्याच वाटतात. कुणामुळे? उमा कुलकर्णींमुळे. त्यांना कन्नड लिपी वाचता येत नव्हती. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड मजकूर वाचून टेप करून ठेवायचे, आणि उमाताई तो ऐकत ऐकत मराठीत लिहायच्या. कन्नडचा आवाज कानात आणि मराठी हातात. मधे हिंदी नाही, इंग्रजी नाही. त्या टेपमुळे भैरप्पा मराठी घरांत पोचले.

आत्या : मग सिनेमात तसं का होत नाही?

मी : 'कांतारा : चॅप्टर १' किती भाषांत आला? कन्नड, हिंदी, तेलुगू, तमिळ, मलयाळम, बंगाली आणि इंग्रजी. सात. त्यात बंगाली आहे, मराठी नाही. कर्नाटकाच्या सीमेला सीमा लागलेलं राज्य, या सिनेमांवर कोट्यवधी रुपये खर्च करणारा प्रेक्षक, आणि त्याची भाषा यादीत नाही. वितरकाच्या जुन्या नकाशात महाराष्ट्र हा हिंदीचा मुलूख आहे. त्या नकाशात बेळगाव-हुबळीसुद्धा मुंबई सर्किटमध्ये मोडतात. मराठी माणसाला हिंदी कळतं, मग मराठीवर वेगळा खर्च कशाला, असं गणित. सचिन गोळे, श्रेयस तळपदे यांच्याबद्दल मघाशी लक्षात ठेव म्हटलं ते याचसाठी. आवाज मराठी माणसाचा, पण तो मराठीत बोलू शकत नाही, कारण मराठीत कुणी मागितलंच नाही.

आत्या : तमिळ माणूस मागतो. तेलुगू माणूस मागतो. इथल्या कन्नड माणसानं तर इतकी वर्षं नको म्हणूनसुद्धा आपली अट लावली. आपण एकटे आहोत, जे मिळेल ते हिंदीत गोड मानून घेतो. हे तुझं खरं आहे, आणि मला ते झोंबतं.

मी : मग आपण दोघी एका बाजूला आहोत. तू मराठी आवाज मागतेस, मी मराठी ओळी मागते. दोघींनाही मधे हिंदी नको आणि इंग्रजी नको.

आत्या : माझी मागणी आधी. जाऊबाईंचे डोळे पंधरा मिनिटांत दुखायला लागतात, आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? मराठी वाहिन्यांवर दाक्षिणात्य सिनेमे मराठीत डब होऊन लागतातच की. थिएटरात का लागू नयेत?

मी : लागावेत, आणि त्यासाठी मी तुझ्याबरोबर भांडेन. फक्त शहरात चार खेळ डबचे असतील तर एक मूळ आवाजाचा, मराठी ओळींचा असावा. आणि उलटाही रस्ता मोकळा हवा. 'दशावतार' मंगळूरला तुळू-कन्नड ओळींसह लागायला हवा होता. रात्रभर चालणारं यक्षगान बघत वाढलेल्या माणसाला बाबुली मेस्त्री कोण हे समजावून सांगावं लागलं नसतं. 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५मध्ये सनडान्सला पहिलं पारितोषिक मिळालं. संगमनेर तालुक्यातल्या खेड्यातला बापाच्या मृत्यूनंतरचा दहा दिवसांचा दुखवटा, आणि दोन पुरुषांचं हळूहळू उमलणारं प्रेम, सबंध सिनेमात पार्श्वसंगीत नाही. तो देशभर दाखवायला पुढे आली ती राणा दग्गुबातीची कंपनी. तेलुगू माणसाला आपला सिनेमा हवासा वाटला, मग कन्नड माणसाला का वाटणार नाही?

आत्या : पार्श्वसंगीत नसलेला सिनेमा मी तुझ्यासाठी बघेन. पण गाजलेल्या सिनेमाला खालच्या दर्जाचं म्हणायचं तू सोड. शंकर नागला बघ. जाऊन पस्तीस वर्षं झाली, तरी या गावातल्या रिक्षांच्या मागे अजून त्याचं चित्र असतं, रिक्षा स्टँडला त्याचं नाव असतं. एका 'ऑटो राजा'मुळे, १९८०च्या.

मी : आणि तोच शंकर नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडला, गिरीश कर्नाडांच्या 'ओंदानोंदु कालदल्ली'साठी त्याला आंतरराष्ट्रीय महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं, आणि त्यानंच अगुंब्याला जाऊन 'मालगुडी डेज' केली. रिक्षावाला आणि माझ्यासारखी प्रेक्षक, दोघांनाही तो आपला वाटतो. त्याला मराठीही येत होतं, कन्नडही येत होतं. मधला दुभाषा त्याला कधी लागला नाही.

आत्याचं आणि माझं पूर्ण एकमत झालेलं नाही. ती आधी डबिंग म्हणते, मी आधी मराठी ओळी म्हणते, आणि 'बिग बॉस'वर आम्ही अजून भांडतो. पण एक मागणी दोघींची आहे, आणि ती आम्ही मनापासून करतो. कन्नड सिनेमा महाराष्ट्रात मराठीत यावा, आवाजात किंवा अक्षरांत. मराठी सिनेमा कर्नाटकात कन्नडमध्ये जावा. यासाठी नवा कारखाना उभारावा लागत नाही. अनुवाद करणारे आहेत, आवाज देणारे आहेत, बेळगाव-सोलापूर-मिरजेकडे दोन्ही भाषा जिभेवर असलेली हजारो माणसं आहेत. ज्या पिढीनं भैरप्पा मराठीत मागून मागून वाचले, तिनं प्रकाशकांना ती पुस्तकं छापायला लावली. सिनेमाच्या प्रेक्षकानंही तिकीट काढताना तेवढा हट्ट धरला, तर पुढच्या मोठ्या कन्नड सिनेमाच्या भाषांच्या यादीत आठवं नाव मराठीचं असेल.